सेल्फ मारायच्या आधी

खेड-शिवापूरचा टोलनाका मागे पडला, गाडीने जरा वेग घेतला आणि तिला धाप लागली. पाय दाबला की हिसके देत मागे ओढायची, पाय काढला की पुन्हा शहाण्यासारखी चालायची. असं चार-पाच वेळा झालं आणि शिवऱ्याच्या हद्दीत ती गप्पच झाली. ड्रायव्हिंग सीटवरच्या मित्राने कशीबशी डाव्या कडेला घेतली. कशीबशी म्हणजे खरंच कशीबशी, कारण इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग दगडासारखं होतं आणि ब्रेकही दोन-तीनदा दाबले की लाकडासारखे कडक लागतात. हे आम्हा चौघांनाही तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

सकाळचे पावणेसात. सप्टेंबरचा शेवट. बाजूच्या खाचरात भाताला नुकत्या लोंब्या आलेल्या. एका मित्राच्या मामांची कॅम्पर व्हॅन घेऊन आम्ही कापूरहोळहून भोरकडे वळणार होतो, भाटघरच्या पाण्याकाठी दोन रात्री काढणार होतो. मामांनी हौसेने जुनी प्रवासी व्हॅन घेऊन तिच्यात दोन बेड, सिंक, ओटा, पाण्याची टाकी आणि छताला पिवळ्या दिव्यांच्या माळा असं सगळं करून घेतलेलं. आमच्या ग्रुपवर त्या माळांचेच अठरा फोटो होते. डिझेल फिल्टर कुठे आहे याचा एकही नव्हता.

मग आम्ही ते केलं, जे सगळेच करतात. सेल्फ मारला. पुन्हा मारला. गाडी घुर्र घुर्र करायची, पकडायची नाही. प्रत्येकाला वाटायचं, आपल्या हाताने होईल. सलग वीस-वीस सेकंद सेल्फ ताणून दहा मिनिटांत आम्ही चांगली बॅटरी अर्धमेली करून टाकली. एकाने मोबाइलला जोडायचं स्कॅनर आणलं होतं. ते लावलं, तर स्क्रीनवर उत्तर आलं: पी-००८७. अर्थ, फ्युएल रेलचा दाब कमी. अहाहा, निदान झालं! पुण्यातल्या एका ओळखीच्या वर्कशॉपला फोन लावला, कोड सांगितला. पलीकडून क्षणाचाही विलंब न लावता उत्तर आलं, "हाय प्रेशर पंप गेला असणार, नोझलपण बघावे लागतील. टो करून आणा. चाळीस-पंचेचाळीस धरून चाला."

चाळीस-पंचेचाळीस हजार. चौघांच्या खिशात मिळून साडेसहा होते.

यापुढे जे झालं त्यावरून माझं एक मत बनलंय आणि ते मांडायलाच हा लेख लिहितेय. कॅम्पर व्हॅन, रोड ट्रिप, 'व्हॅन लाइफ' या गोष्टींचं वेड आपल्या वयाच्या लोकांना लागलंय, त्यात वाईट काही नाही. पण डिझेल टाकीतून इंजिनापर्यंत कसं जातं, हे माहीत नसताना त्या गाडीत 'स्वातंत्र्य' शोधायला जाणं म्हणजे पोहायला न शिकता भाटघरला जाण्यासारखं आहे. आणि हे शिकायला वर्कशॉप लागत नाही, डिग्री लागत नाही. एक पारदर्शक बाटली, दोन पाने आणि अर्धा तास लागतो.

तर त्या सकाळी दुधाचे कॅन घेऊन चाललेले एक काका थांबले. आधी त्यांनी गाडीकडे पाहिलंच नाही. गाडीत दोघं परत आडवे झाले होते (मागे बेड आहे ना!), त्यांच्यावर ते ओरडले. "खाली उतरा आधी! मागनं ट्रक आला तर बेडासकट जाल." चौघांनाही कठड्यापलीकडे उभं केलं, गाडीच्या मागे बऱ्याच अंतरावर लाल त्रिकोण ठेवायला लावला. कॅम्परमध्ये हा धोका साध्या कारपेक्षा जास्त असतो असं मला आता वाटतं. गाडी बंद पडली तरी ती घरच वाटत राहते. चहा टाकावासा वाटतो, पाय पसरावेसे वाटतात. आमच्यातल्या एकाने तर गॅस पेटवायला घेतलाही होता. पण तुम्ही असता महामार्गाच्या कडेला, जिथून शेजारून ऐंशीच्या वेगाने कंटेनर जातात. अशा वेळी राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा नंबर आहे, तो लावा, आणि घराचा मोह सोडून कठड्याच्या पलीकडे जा.

मग काकांनी तीन प्रश्न विचारले. गाडी खटकन बंद पडली की धापा टाकत? किती दिवस उभी होती? आणि सेल्फ मारताना मागून धूर येतो का?

मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. डिझेल सायकलची आकृती झोपेत काढून दाखवीन. आयसी इंजिनच्या पेपरात मला चांगले मार्क होते. पण हे तीन प्रश्न मला सुचले नव्हते, आणि त्या प्रश्नांतच निम्मं निदान होतं. (काका प्रश्न विचारताना माझ्याकडे न बघता आयटीवाल्या दोन मुलांकडे बघत होते, ही वेगळी गोष्ट. त्या सकाळी तो मान मी काही कमावलाही नव्हता.)

खटकन बंद पडली तर बहुतेक वेळा वीज: फ्यूज, रिले, वायर, सेन्सर. धापा टाकत, मागे ओढत बंद पडली तर बहुतेक वेळा पोटाला मिळत नाहीये, म्हणजे डिझेल. सेल्फ मारताना पांढरट धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय पण नीट जळत नाही. धूरच नसेल तर पोचतच नाही. आमच्या गाडीचा धूर नव्हता. ती गाडी जूनपासून मामांच्या सोसायटीत उघड्यावर, पाव टाकी डिझेलवर उभी होती.

"पंप-बिंप काय गेला न्हाय," काका म्हणाले. "बाटली हाय का?"

बिसलेरीची रिकामी बाटली दिली. फिल्टर गाडीखाली चासीच्या पट्टीला होता. त्याच्या बुडाशी एक छोटा प्लास्टिकचा स्क्रू असतो, तो त्यांनी दोन आटे सैल केला आणि जे गळलं ते बाटलीत धरलं. बाटली बॉनेटवर ठेवली. दोन मिनिटांत तिच्यात दोन मजले झाले: वर फिकट पिवळं डिझेल, खाली गढूळ पाणी, आणि मध्ये पट्टीने आखल्यासारखी रेघ. डिझेल लिटरला साधारण ८३० ग्रॅम भरतं, पाणी हजार. पाणी तळाशी जातं, आणि टाकीतला सक्शन पाइपही तळाजवळूनच ओढतो. मी अकरावीपासून घनता शिकतेय. ती मला पहिल्यांदा बॉनेटवर दिसली.

स्कॅनर खोटं बोललं नव्हतं. दाब कमीच होता. पण दाब कमी होणं हे लक्षण झालं, तापासारखं. कारण त्याच्या मागे कुठेही असू शकतं, आणि आम्ही, वर्कशॉपवाल्यांसकट, सगळ्यांत महागड्या टोकाला जाऊन बसलो होतो.

डिझेलचा रस्ता एकदा डोळ्यांपुढे आणा. टाकी. टाकीतून निघणारा पाइप. मग फिल्टर, ज्याच्या तळाशी पाणी वेगळं होतं. काही गाड्यांत टाकीतच विजेचा छोटा पंप असतो, काहींत फिल्टरवर हाताने दाबायचा रबरी किंवा बटणासारखा पंप असतो. इथपर्यंत सगळं कमी दाबाचं, सायकलच्या ट्यूबइतकं साधं. त्यापुढे हाय प्रेशर पंप, रेल आणि इंजेक्टर, ज्यांना गॅरेजमध्ये सगळे नोझल म्हणतात. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते आणि तिच्यात डिझेलचा बारीक फवारा पडला की भडका उडतो. तो फवारा बारीक व्हावा म्हणून आजच्या गाड्यांत दाब असतो १६०० बार आणि त्याहूनही वर. तुमच्या कारच्या टायरमध्ये असतो सव्वादोन बार.

आता डोकं वापरून सांगा, रस्त्यात अडथळा आला तर तपासणी कुठून सुरू करायची? टाकीच्या बाजूने. तिथे वस्तू स्वस्त आहेत, हाताला लागतात, आणि उभ्या राहिलेल्या गाड्यांचे बहुतेक आजार तिथेच होतात. डिझेल आहे का? (हसू नका. मॉडिफाय केलेल्या गाड्यांचे गेज बिनदिक्कत खोटं सांगतात.) पाणी आहे का? हवा शिरतेय का? फिल्टर चोंदलाय का? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय जो कुणी तुम्हाला पंप-नोझलचा खर्च सांगतो, त्याला नम्रपणे विचारा, "फिल्टर काढून बघितला का?"

आमच्या गाडीत पाण्याबरोबर हवाही होती. पाणी काढल्यावर काका फिल्टरवरचा हातपंप दाबत राहिले. तो कडक व्हायला हवा होता, पण नरमच राहिला. "एअर घेतीय," एवढं बोलून ते गाडीखाली शिरले. टाकीकडून येणारा रबरी पाइप पाण्याच्या टाकीच्या नव्या लोखंडी पट्टीला घासत होता आणि क्लॅम्पपाशी त्याला चीर पडली होती. गंमत म्हणजे तिथून डिझेलचा एक थेंबही गळत नव्हता. या भागात पंप डिझेल ओढत असतो, त्यामुळे चिरेतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली डाग नाही म्हणजे पाइप ठीक, हा आपला समज इथे साफ फसतो. तेवढा दोन इंच तुकडा कापला, पाइप पुन्हा चढवला, क्लॅम्प आवळला, हातपंप पंधरा-वीस वेळा दाबला. या वेळी तो कडक झाला. तोवर बॅटरीला श्वास मिळाला होता. सेल्फ दहा सेकंद, मग मिनिटभर विश्रांती, पुन्हा दहा सेकंद. तिसऱ्या वेळी गाडी खोकली, पांढरा धूर सोडला आणि चालू झाली.

काकांच्या शेतावर पाण्यासाठी डिझेल इंजिन आहे. त्याची हवा काढता काढता ते हे शिकले. टाकी रिकामी झाली की एअर धरते, मग पान्याने नट सैल करायचा, बुडबुडे संपेपर्यंत डिझेल जाऊ द्यायचं, नट आवळायचा. पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांना हे हाताच्या सवयीने येतं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये खडकीत सुरू झाली, टेम्पो आणि मॅटॅडोर बनवणारी बजाज टेम्पो १९५८ ची, गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय १९६६ ची. तीच एआरएआय, जिच्या नावाने आपण वेताळ टेकडीला हाक मारतो आणि जिच्या कुंपणाशेजारून सकाळी चालायला जातो. डिझेलवर मोठं झालेलं हे शहर, आणि त्याच शहरात माझ्यासारखी मुलं चार वर्षं इंजिन शिकतात ती कापून रंगवलेल्या मॉडेलवर. आमच्या लॅबमधलं इंजिन मी चालू होताना दोनदा पाहिलंय. त्याची हवा काढायला मला कुणी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कधी मागितलं नाही.

इथे कुणी म्हणेल, मग कॉलेज कशाला, काकाच बरे. हा सूर मला मान्य नाही आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं, हाताची सवय जुन्या इंजिनाची असेल तर नव्या गाडीत ती जीवघेणी ठरू शकते. शेतातल्या इंजिनाची किंवा जुन्या ट्रकची हवा काढताना नोझलचा नट सैल करून सेल्फ मारतात. कॉमन रेलच्या गाडीत हे कधीही करू नका. तिथला दाब एवढा असतो की सुईसारखी धार कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत डिझेल पसरतं. ही शस्त्रक्रियेची वेळ असते, हळद दाबायची नव्हे. म्हणून रेघ पक्की आखा: फिल्टरपर्यंत आपलं, पंपापासून पुढे मेकॅनिकचं. चालू इंजिनाच्या त्या जाड लोखंडी नळ्यांवर गळती शोधायला बोटसुद्धा फिरवायचं नाही. आमच्या काकांनी त्या नळ्यांना हात लावला नाही. त्यांना ते माहीत होतं की गरज पडली नाही, हे मी विचारायला विसरले.

दुसरं कारण बाटलीतल्या पाण्याचं. ते कपभर तरी होतं, दीडशे मिली धरा. काकांचं म्हणणं, टाकीला घाम येतो. रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते, रात्री थंड होते, पाणी सुटतं. हे सगळीकडे सांगितलं जातं आणि तत्त्व बरोबर आहे. पण घरी येऊन मी आकडेमोड केली. साठ लिटरच्या टाकीत पाव डिझेल, म्हणजे ४५ लिटर हवा. सत्तावीस अंशांना पूर्ण दमट हवेत घनमीटरला साधारण २६ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे आमच्या अख्ख्या टाकीतल्या हवेत सव्वा ग्रॅमसुद्धा पाणी नाही. दिवस-रात्रीत दहा अंशांचा फरक पडला तर त्यातली तीन टक्के हवा बाहेर जाऊन नवी आत येते, दीड लिटरच्या आसपास. तिच्यातली वाफ सगळीच्या सगळी पाणी झाली असं मानलं, तरी रोजचे मिलिग्रॅम निघतात चाळीस. साडेतीन महिन्यांचं पाणी झालं जेमतेम चमचाभर.

मग उरलेलं आलं कुठून? दुसऱ्या दिवशी मामांकडे जाऊन डिझेलचं झाकण पाहिलं. त्याची रबरी रिंग वाळून तडकली होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे झाकणाभोवतीच्या खोलगट जागेतलं पाणी खाली जायला एक छोटं भोक असतं, ते चिखल आणि गुलमोहोराच्या पानांनी बुजलेलं. पावसाळाभर झाकण डबक्यात बसलं होतं. त्यावर मामा दर पंधरा दिवसांनी प्रेशरने गाडी धुऊन घेत होते. आता हे नुसतं फिल्टर रिकामा करून थांबलं असतं का? पुढच्या जूनला पुन्हा तेच झालं असतं. आणि पाणी टाकीत महिनोन् महिने राहिलं की डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर जिवाणू आणि बुरशी वाढते, काळपट चिकट थर धरतो. मग नवा फिल्टरही थोड्याच दिवसांत चोंदतो आणि लोक फिल्टरच्या कंपनीला शिव्या घालतात. काकांनी गाडी चालू केली. झाकण शोधलं माझ्या थर्मोडायनॅमिक्सने. पण बाटली आधी होती, हे मला कबूल करावंच लागेल. बॉनेटवर ती रेघ दिसली नसती तर मी आकडेमोड कशाची केली असती?

आता थोडं भांडण कॅम्पर बनवणाऱ्यांशी आणि भाड्याने देणाऱ्यांशी. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर या गाड्या वाढल्यात, आणि चांगलंच आहे ते. पण गाडीचं घर करताना सुतार आणि फॅब्रिकेटर बसतात, डिझेलच्या पाइपचा विचार करणारा त्यात कुणी असतोच असं नाही. मामांच्या गाडीत टाकीवरचं तपासणीचं झाकण प्लायवूडच्या जमिनीखाली कायमचं गाडलं गेलंय. टाकीतला पंप किंवा फ्लोट बिघडला तर आधी बेड उखडायचा, मग जमीन. काही ठिकाणी जनरेटरला किंवा हीटरला डिझेल द्यायला मुख्य पाइपलाच जोड मारतात. प्रत्येक जोड म्हणजे हवेला नवं दार. नीट करायचं तर टाकीतून वेगळा पाइप काढावा, आणि तोही मुख्य पाइपपेक्षा उंचावर संपणारा, म्हणजे हीटरने सगळं डिझेल पिऊन टाकलं तरी घरी परतण्यापुरतं खाली उरतं. बाहेरच्या बाजूला तर झाकणांचं प्रदर्शन असतं: एक डिझेलचं, एक पिण्याच्या पाण्याचं, काही गाड्यांत तिसरं निळं झाकण, युरियाच्या द्रावणाचं. रात्री अकरा वाजता पंपावर झोपाळलेल्या मुलाने यातलं कोणतं उघडावं? डिझेलच्या टाकीत ते निळं द्रावण, पाणी किंवा पेट्रोल गेलं तर एकच नियम: किल्लीसुद्धा फिरवायची नाही. किल्ली फिरवली की पंप सुरू होतो आणि टाकीपुरता असलेला गाढवपणा नोझलपर्यंत पोचतो. टाकी रिकामी करण्याचा खर्च परवडतो, पुढचा नाही.

गाडी भाड्याने देताना मालक तुम्हाला फ्रिज दाखवतो, सिंक दाखवतो, चादरींचं डिपॉझिट सांगतो. तुम्ही फिल्टर दाखवायला सांगा. ड्रेन स्क्रू कुठे, हातपंप आहे की किल्ली तीन-चार वेळा ऑन-ऑफ करून प्राइम करायचं, जादा फिल्टर गाडीत आहे का. दाखवता आलं नाही तर ती गाडी घेऊ नका, माळा कितीही छान असोत. लडाखला न्यायची असेल तर आणखी एक प्रश्न. कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बंद होतो. इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल २०१९ मध्ये लडाखसाठी आणलं ते याचसाठी. पुण्यात भरलेली टाकी वर नेऊन तिथल्या पहाटे सेल्फ मारत बसलेल्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. कमेंटमध्ये सगळे बॅटरीला दोष देतात.

माझ्या वर्गातल्या काहींना हे सगळं 'मेकॅनिकगिरी' वाटतं. इलेक्ट्रिक गाड्या येतायत, डिझेल शिकून काय करायचं, असंही एकाने ऐकवलं. येऊ देत की. पण पुढची बरीच वर्षं आपली एसटी, आपला ॲम्ब्युलन्सवाला, आपल्याकडे भाजी आणणारा टेम्पो रस्त्यात धापा टाकेल तो डिझेलवरच. शिवाय मला त्या सकाळी लागलेली गोष्ट डिझेलपुरती नव्हती. चौघं शिकलेली माणसं एका कोडवर विश्वास ठेवून पंचेचाळीस हजारांना तयार होत होतो. घरी फोन करून पैसे मागायचे, त्यासाठी खोटं काय सांगायचं, इथपर्यंत चर्चा आली होती. आमच्यातल्या एकाचं दुसऱ्या सेमिस्टरच्या फीचे पैसे वापरायचं ठरत होतं. गाडीखाली वाकून बघायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही, कारण कपडे खराब झाले असते आणि रील अजून काढायचं होतं.

काकांनी पैसे घेतले नाहीत. दूध पोचवायला उशीर झाला म्हणून कुरकुर करत गेले. बाटलीतलं पाणी-डिझेल त्यांनी आम्हाला तिथे ओतू दिलं नाही, बाजूला भात उभा होता. "घेऊन जा संगट," म्हणाले. तसं ते आम्ही पुण्याला आणून नेहमीच्या मेकॅनिकच्या जळक्या ऑइलच्या पिंपात टाकलं. बाटली धुऊन मी व्हॅनच्या दाराच्या कप्प्यात ठेवलीये, दोन पाने, एक फूटभर जादा पाइप आणि चार क्लॅम्पबरोबर. मामांनी तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'पिऊ नये'.